कर्जाचा आटलेला झरा : सुपे ते बेंगळूरु

बाजारभाव कोसळतात तेव्हा शेतकऱ्याचे कर्ज कागदावर तेवढेच राहते, परंतु धान्याच्या मापाने वाढते. शंभर रुपयांचे देणे फेडण्यास अधिक पोती विकावी लागतात. सावकारही हे जाणतो. म्हणूनच नेमक्या गरजेच्या वेळी तो हात आखडता घेतो. अशा वेळी शासनाने काय करावे, हा प्रश्न जुना आहे.

अमेरिकेतील यादवीमुळे (१८६१-६५) वधारलेले कापसाचे भाव युद्ध संपताच उतरले. त्यातच नव्या जमाबंदीने सारा वाढला, आणि तो रोखीने भरायचा होता. सावकारांनी नवे कर्ज थांबविले. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे उद्रेक झाला. पुढे गावोगावी कर्जखते जाळली गेली. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने ऋणकोला न्यायालयात संरक्षण मिळाले. परंतु सावकाराची जागा घेणारा दुसरा धनको उभा राहिला नाही. वेडरबर्न आणि न्यायमूर्ती रानडे यांनी पुरस्कारिलेली पुरंदर तालुक्यातील शेतकी बँकेची योजना हिंदुस्थान सरकारने १८८४ मध्ये लंडनला पाठविली. तेथे ती नामंजूर झाली. १८८३ व १८८४ च्या कायद्यांनी तगाईची सोय झाली खरी, पण तगाई म्हणजे कचेरीचे हेलपाटे.

पुण्यात जे नाकारले गेले, ते म्हैसूर संस्थानाने करून पाहिले. दिवाण शेषाद्री अय्यर यांच्या कारकिर्दीत, १८९४ मध्ये, शेतकी बँकांची योजना मंजूर झाली. भांडवल सरकारचे होते. सभासदांची स्वतःची बचत व परस्परांवरील वचक नव्हता. वसुली रखडली आणि योजना फसली. १९०५ मध्ये संस्थानाने सहकाराचा कायदा केला. १९२९ मध्ये, जागतिक मंदीच्या तोंडावर, बेंगळूरुत मध्यवर्ती भूतारण बँक स्थापन झाली. रोखे विकून भांडवल उभारावे आणि जमीन तारण घेऊन दीर्घ मुदतीने कर्ज द्यावे, ही तिची पद्धत. चामराजपेठेत आज राज्य सहकारी कृषी व ग्रामीण विकास बँक म्हणून जी संस्था आहे, ती हीच.

या तिन्ही प्रयोगांतून माझ्या मते एकच बोध निघतो. ऋणकोला नुसते संरक्षण दिले तर पतपुरवठा आटतो. नुसता पैसा ओतला तर तो बुडतो. कर्जाची मुदत पिकाला आणि भावाला झेपणारी असावी, आणि वसुली करणाऱ्याला ऋणकोची ओळख असावी. मंदीत तिजोरी उघडणे सोपे. विश्वास पुन्हा उभा करणे हे खरे प्रशासनाचे काम.