गोतावळा : आनंद यादव यांची कादंबरी

'गोतावळा' ही आनंद यादव यांची कादंबरी १९७१ साली प्रकाशित झाली. मराठी ग्रामीण साहित्यातील महत्त्वाच्या कादंबऱ्यांत तिची गणना होते. शेतावर ट्रॅक्टर आल्यावर तिथे वर्षानुवर्षे राबणाऱ्या गड्याचे काय होते, हा तिचा विषय आहे.

लेखक : आनंद यादव (१९३५–२०१६) यांचा जन्म कोल्हापूर जिल्ह्यातील कागल येथे गरीब शेतकरी कुटुंबात झाला. शेतातली कामे करीत, घरच्यांचा विरोध सोसत ते शिकले आणि पुढे पुणे विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक झाले. या धडपडीवर लिहिलेल्या 'झोंबी' (१९८७) या आत्मचरित्रात्मक कादंबरीला १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. 'नटरंग' ही कादंबरीही त्यांचीच.

कथानक : नारबा हा मळ्यावरचा गडी. त्याला ना स्वतःची जमीन, ना बायकामुले. मळ्यातले बैल, म्हशी, कुत्री, कोंबड्या हेच त्याचे नातेवाईक, हाच त्याचा गोतावळा. मालक यांत्रिक शेतीकडे वळतो, तशी जनावरे मळ्यातून जाऊ लागतात. दावणी रिकाम्या होत जातात आणि त्यांच्याबरोबर नारबाचे जगही. मालकाचा हिशेब तसा सरळ आहे : यंत्राने काम लवकर उरकते आणि त्याला रोज वैरण लागत नाही. मात्र आयुष्य मळ्यात घालवलेल्या माणसाला त्या हिशेबात जागा नसते. गरिबी इथे पैशापुरती राहत नाही. आपले म्हणावे असे कोणी न उरणे, हे तिचे खरे रूप आहे.

भाषा : सारी गोष्ट नारबा स्वतःच, कागल परिसराच्या बोलीत सांगतो. इंदूरच्या आपल्या घरांतली मराठी हिंदीच्या शेजारात वाढलेली. त्यामुळे सुरुवातीला काही शब्द अडतील. पहिली काही पाने मोठ्याने वाचावीत. कानाला लय सापडली की अर्थ आपोआप उलगडतो. घरातील वडीलधाऱ्यांना सोबत घेतले तर दावण, वैरण, मोट अशा शब्दांबरोबर त्यांच्या आठवणीही निघतील.

का वाचावी : माळव्यातल्या शेतांतही बैलांची जागा ट्रॅक्टरने घेतली. आपल्यापैकी अनेकांच्या आजोळी कधीकाळी गोठा होता आणि तो सांभाळणारा एखादा गडीही. गोठा गेल्याचे आपल्याला आठवते. तो गडी पुढे कुठे गेला, हे विचारायला ही कादंबरी भाग पाडते.