बॉम्बफेकी विमानातील सुखटणकर : एका भारतीय नॅव्हिगेटरचे स्मरण

लंडनच्या हेंडन भागातील रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये ‘आर ५८६८’ या क्रमांकाचे लँकेस्टर जातीचे बॉम्बफेकी विमान जतन केलेले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ७,३०० हून अधिक लँकेस्टर विमाने बांधली गेली. त्यांतील मोजकीच आज शिल्लक आहेत. १९४२ मध्ये सेवेत दाखल झालेल्या या विमानाच्या नावावर १३७ मोहिमा नोंदविलेल्या आहेत. त्यांपैकी काही मोहिमांत त्याला मार्ग दाखविण्याचे काम शैलेंद्र एकनाथ सुखटणकर या भारतीय नॅव्हिगेटरने केले.

लँकेस्टरमध्ये सात जण असत : वैमानिक, फ्लाइट इंजिनिअर, नॅव्हिगेटर, बॉम्ब टाकणारा, बिनतारी यंत्रचालक आणि दोन तोफची. नॅव्हिगेटरची जागा वैमानिकाच्या मागे, पडद्याआड. शत्रूला उजेड दिसू नये म्हणून हा पडदा असे. लहानशा दिव्याखाली नकाशा पसरून तो वेग, दिशा आणि वाऱ्याने होणारे विचलन यांचे गणित मांडी. आरंभी होकायंत्र व तारे यांवरच भिस्त होती. १९४२ पासून ‘गी’ ही रेडिओ यंत्रणा आणि १९४३ पासून ‘एचटूएस’ हे रडार मदतीस आले. गणित चुकले तर विमान लक्ष्याऐवजी भलत्याच ठिकाणी पोहोचे, अथवा इंधन संपून समुद्रात पडे.

तीस मोहिमा झाल्या की पहिली पाळी पूर्ण मानली जाई. तेवढ्या पुऱ्या करणारे मात्र थोडेच. बॉम्बर कमांडच्या सुमारे १,२५,००० विमानसैनिकांपैकी ५५,५७३ मृत्युमुखी पडले. या हल्ल्यांत जर्मन शहरांतील लाखो नागरिकांचाही बळी गेला. त्यामुळे युद्धानंतर या दलाचा गौरव करण्यास ब्रिटन दीर्घकाळ कचरत राहिला. लंडनच्या ग्रीन पार्कमधील स्मारकाचे अनावरण २०१२ मध्ये झाले; लिंकन येथील आंतरराष्ट्रीय केंद्र २०१८ मध्ये खुले झाले.

भारतीय हवाई दलानेही युद्धकाळात बॉम्बफेकी विमाने वापरली. सातव्या व आठव्या स्क्वॉड्रनच्या ‘व्हेंजन्स’ विमानांनी १९४३-४४ मध्ये ब्रह्मदेशाच्या आघाडीवर हल्ले केले. या विमानात वैमानिक आणि त्याच्या मागे बसणारा नॅव्हिगेटर-तोफची असे दोघेच असत. या आघाडीवर बेपत्ता झालेल्या विमानसैनिकांची नावे सिंगापूरच्या स्मारकावर आहेत. पुण्याजवळ खडकी येथील युद्ध दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातील १,६६८ कबरी आहेत. पश्चिम व मध्य भारतात विखुरलेल्या आणि कायमची देखभाल होण्याची शाश्वती नसलेल्या कबरी तेथे आणण्यात आल्या. नवी दिल्लीतील राष्ट्रीय युद्ध स्मारक २०१९ मध्ये उभे राहिले. परंतु त्यावर स्वातंत्र्योत्तर काळातील हुतात्म्यांचीच नावे आहेत.

या साऱ्या शिळांवर नाव येते ते सेवेत मरण आलेल्यांचे. मोहिमा पुऱ्या करून घरी परतलेला आणि वृद्धापकाळी वारलेला विमानसैनिक सहसा त्यांत नसतो. त्याची स्मृती कागदावर अवलंबून असते. प्रत्येक उड्डाणाची तारीख, विमानाचा क्रमांक आणि त्यातील माणसांची नावे स्क्वॉड्रनच्या नोंदवहीत लिहिली जात. सुखटणकरांचे नाव त्या विमानाशी आजही जोडलेले आहे ते अशा नोंदींमुळे.

भंडारा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाकडील लाखांदूरच्या वाचकाला हे सारे दूरदेशीचे वाटेल; पण तसे नाही. गोंदियाजवळील बिरसी येथील धावपट्टी दुसऱ्या महायुद्धाच्या काळातच बांधली गेली, आणि १९९९ पर्यंत तो भाग भंडारा जिल्ह्यातच होता. त्या पिढीतील माणसे आता जवळजवळ उरलेली नाहीत. कोणाच्या घरच्या पेटीत आजोबांची उड्डाणवही, सेवामुक्तीचा दाखला, पदके अथवा पत्रे असतील, तर ती रद्दीत जाऊ देऊ नयेत. त्यावरील क्रमांक, तुकडीचे नाव व तारखा उतरवून घ्याव्यात आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी करावी. सेवेत मरण पावलेल्यांचा शोध राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या संकेतस्थळावर नावावरून विनामूल्य घेता येतो. परतलेल्यांसाठी मात्र घरातील तो कागद हाच बहुधा एकमेव पुरावा असतो.