कासचं कुंपण

माझं लहानपण साताऱ्यात गेलं. घरात कास म्हटलं की शहराला पाणी देणारा तलाव, बस्स. वरचं पठार गुरांचं. 2012 साली युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या 39 जागांना जागतिक वारसा ठरवलं, त्यात कासही होतं, आणि मग पावसाळा सरताना घाटात गाड्यांच्या रांगा लागू लागल्या. लोक फुलांत लोळून फोटो काढायचे. (मीही तेरड्यात बसलोय. तो फोटो डिलीट केलाय.)

आसपासच्या गावांच्या वन व्यवस्थापन समित्यांनी शुल्क, पार्किंग, राखण अंगावर घेतली. तारेचं कुंपणही पडलं. त्यानं पर्यटक अडले, पण गुरंही अडली. खरी गंमत इथंच आहे. जांभ्यावर माती जेमतेम, तीही निकस. इतकी, की सीतेची आसवं नावाची इवली निळी फुलझाडं पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून भूक भागवतात. तिथं उंच गवत माजलं तर ठेंगण्या फुलांना ऊन कुठून मिळणार? ते गवत इतकी वर्षं गुरंच खात होती. फुलं घटली, चराई थांबल्यानं घटली, असं गावकरी आणि काही अभ्यासक म्हणू लागले. शेवटी कुंपण निघालं.

नंतर एका सप्टेंबरात गेलो, तर गेंदांच्या पांढऱ्या गोंड्यांतून एक म्हैस निवांत चाललेली. माझ्यासोबतचा मित्र ओरडला, "अहो, हाकला तिला!"

राखणदार हसला. "तिला तिकीट लागत नाय, दादा. तुम्ही तेवढं पायवाटेवर या."