‘अछूत कन्या’ : अश्रू आणि प्रेक्षकाचे स्थान

निषिद्ध प्रेमाच्या कथेत प्रेमिकांना विलग करणारी शक्ती कोणती, हा प्रश्न जितका महत्त्वाचा, तितकाच त्या विरहावर अश्रू ढाळणारा प्रेक्षक कोठे उभा केला जातो, हाही होय. बॉम्बे टॉकीजच्या ‘अछूत कन्या’ (१९३६) या चित्रपटाची चर्चा बहुधा पहिल्या प्रश्नाशीच थांबते. निरंजन पाल यांची कथा, फ्रान्झ ऑस्टेन यांचे दिग्दर्शन, देविका राणी व अशोककुमार यांच्या भूमिका यांची नोंद घेऊन त्याला ‘सुधारणावादी’ ठरविले की विवेचन संपते.

हान्स रॉबर्ट याऊस यांची ‘अपेक्षांचे क्षितिज’ ही १९६० नंतरच्या दशकातील संकल्पना येथे उपयोगी पडते. कलाकृतीचा अर्थ ग्राहकाने सोबत आणलेल्या अपेक्षांच्या संदर्भात घडतो, असे ती सुचविते. १९३६ चे क्षितिज मात्र एकसंध नव्हते. १९३२ च्या पुणे करारानंतर गांधीजींच्या हरिजनकार्याने सवर्णांच्या हृदयपरिवर्तनाची भाषा रूढ केली होती. १९३५ मध्ये येवल्यास डॉ. आंबेडकरांनी धर्मत्यागाचा निर्धार जाहीर केला होता. मे १९३६ मध्ये मुंबईतच भरलेल्या महार परिषदेत त्यांनी त्या निर्धाराची कारणमीमांसा केली. त्याच वर्षी लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेले, परंतु होऊ न शकलेले भाषण त्यांनी स्वतः छापले. जातिनिर्मूलनाचा खरा उपाय आंतरजातीय विवाह, आणि त्याच्या आड येते ती शास्त्रांच्या पावित्र्यावरील श्रद्धा, असा त्यातील युक्तिवाद आहे.

या पार्श्वभूमीवर चित्रपटाची रचना पाहावी. रेल्वेफाटकवाल्या दुखियाची मुलगी कस्तुरी आणि ब्राह्मण दुकानदार मोहनचा मुलगा प्रताप यांचे प्रेम बालपणापासूनचे आहे. दुखियाने मोहनचे प्राण वाचविल्यामुळे दोन्ही घरांत स्नेह आहे. तरीही दोघांचे विवाह आपापल्या जातीत होतात. अखेरीस फाटकापाशी प्रताप आणि कस्तुरीचा नवरा मन्नू यांची झुंज जुंपलेली असताना, येणारी गाडी थांबविण्याच्या प्रयत्नात कस्तुरी मरण पावते. ही कथा पूर्ववृत्त म्हणून सांगितली जाते. म्हणजे प्रेक्षकाला कस्तुरी भेटते ती आधीच स्मृतिरूप झालेली.

निवेदनाच्या या चौकटीचे कार्य सूक्ष्म आहे. जमावाची हिंसा चित्रपट लपवीत नाही. परंतु विवाहाच्या निषेधामागील धर्मप्रामाण्याला तो हात घालीत नाही. मोहनसारखा सहृदय सवर्णही त्या निषेधापुढे हतबल ठरतो आणि ही हतबलता प्रेक्षकाच्या वाट्याला करुणा म्हणून येते. बलिदान अस्पृश्य स्त्रीचे, शुद्धीकरण मात्र सवर्ण प्रेक्षकाचे, असा हा विनिमय आहे. येवल्याचा निर्धार ऐकून आलेल्या प्रेक्षकासाठी या संहितेत जागा कोणती, असे विचारले की ‘सुधारणावादी’ हे विशेषण अपुरे वाटू लागते.

ऐंशी वर्षांनी आलेल्या नागराज मंजुळे यांच्या ‘सैराट’मध्ये (२०१६) प्रेमिक विवाह करतात, संसार उभा करतात आणि मारले जातात. मागे राहते रक्ताची पावले उमटवीत चालणारे मूल. तेथे स्मारक नाही, सांत्वन करणारे निवेदनही नाही. या शेवटाशी ताडून पाहता १९३६ च्या अश्रूंचे स्वरूप स्पष्ट होते. ते खोटे नव्हते. मात्र ज्या व्यवस्थेने कस्तुरीचा विवाह अशक्य केला, तिला हात न लावता ते ढाळता येत होते. निषिद्ध प्रेमाच्या संहितांचा इतिहास लिहिताना प्रेक्षक किती हेलावला, याबरोबरच हेलावून तो कशातून मोकळा झाला, हेही नोंदविणे म्हणून आवश्यक ठरते.