चौकोनांच्या जागी अक्षरे

या स्मरणिकेसाठी आलेले बहुतेक लेख मोबाइलवर टाइप केलेले आहेत. कोणी लोधिवलीतून पाठवला, कोणी पुण्याहून, कोणी परदेशातून. संपादक मंडळाने एकालाही ‘फॉन्ट कोणता वापरलास?’ असे विचारले नाही. पाठवलेले मराठी जसेच्या तसे उघडले. आज यात कोणालाच नवल वाटत नाही. पण आपली दहावी झाली त्या १९९७ साली हे शक्य नव्हते, आणि पुढची दहा-बारा वर्षे ते मोठ्या खटपटीने शक्य होत गेले. संपादकांनी ‘तू संगणकातली आहेस, त्याविषयी काही इतिहास लिही’ असे सांगितले, तेव्हा मी हाच विषय घेतला. या इतिहासात मोठ्या संस्था आणि कंपन्या आहेतच. पण घरच्या संगणकापुढे अडलेली आणि इंटरनेटवरून एकमेकांना वाट दाखवणारी साधी माणसेही आहेत. त्यांच्याविषयी फारसे लिहिले जात नाही.

अडचणीचे मूळ आधी सांगते. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. रोमन अक्षरांपैकी कोणत्या अक्षराचा आकडा कोणता, हे १९६० च्या दशकातच ठरले. मराठीच्या बाबतीत मात्र बाजारात आलेल्या प्रत्येक सॉफ्टवेअरने आपापली व्यवस्था लावली. जुन्या छापखान्यात खिळ्यांचे खण ठरलेले असत. समजा, प्रत्येक छापखान्याने खिळे वेगवेगळ्या खणांत ठेवले आणि मजकूर पाठवताना नुसते खणांचे क्रमांक पाठवले, तर दुसऱ्या छापखान्यातला जुळारी काय जुळवेल? श्रीलिपी, आकृती, कृतिदेव, शिवाजी, सी-डॅकचे योगेश आणि सुरेख या फॉन्टांत नेमके हेच होत होते. देवनागरी अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले, आणि तेही प्रत्येकाने निराळ्या क्रमाने. ज्या फॉन्टमध्ये मजकूर लिहिला तो तुमच्याकडे नसेल, तर पडद्यावर रोमन अक्षरे, कंस आणि डॉलरची चिन्हे यांची खिचडी दिसायची. काही मराठी दैनिकांच्या संकेतस्थळांवर बातम्यांआधी ‘आमचा फॉन्ट उतरवून घ्या’ अशी सूचना असे. दोन दैनिके वाचायची तर दोन फॉन्ट.

यावर उपाय झाले नव्हते असे नाही. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि तिच्या ‘जिस्ट’ तंत्राने भारतीय लिप्या संगणकावर आणल्या. १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोने ‘इस्की’ हे प्रमाण ठरवले. त्याच वर्षी जगातल्या सर्व लिप्यांसाठी आखलेल्या युनिकोडची पहिली आवृत्ती आली आणि तीत देवनागरीसाठी १२८ जागा राखलेल्या होत्या. म्हणजे कागदावर प्रश्न १९९१ मध्येच सुटला होता. आपण तेव्हा प्राथमिक शाळेत होतो. पण कागदावरचा उपाय घरातल्या संगणकापर्यंत पोहोचायला जवळजवळ पंधरा वर्षे लागली.

मधल्या काळात इंटरनेट आले. विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ रोजी मुंबईसह मोठ्या शहरांत ते सर्वसामान्यांना खुले केले. त्याआधीपासून अमेरिकेत शिकणारी, नोकरी करणारी मराठी मंडळी संगणकावरून एकमेकांशी बोलत होती, पण रोमन अक्षरांत. अविनाश चोपडे यांच्या ‘आयट्रान्स’ या मोफत प्रणालीने रोमनमध्ये विशिष्ट रीतीने टाइप केलेला मजकूर देवनागरीत छापता येऊ लागला. १९९६ च्या गणेशचतुर्थीला अमेरिकेतून ‘मायबोली’ हे संकेतस्थळ सुरू झाले. गप्पा, कविता आणि पाककृतींइतकाच तिथे वारंवार येणारा प्रश्न असे: मराठी दिसत नाही, काय करू?

आपल्या भागात हा प्रश्न थोडा उशिरा आला, कारण संगणकच उशिरा आला. पाताळगंगेच्या कारखान्यांच्या कचेऱ्यांत तो होता, घरी नव्हता. मोहोपाडा, चौक, खोपोलीत २००० नंतर संगणकाचे क्लास निघाले. २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झाले आणि एमएस-सीआयटीच्या पाट्या गावोगाव दिसू लागल्या. मी अभियांत्रिकीला असताना आमच्या घरी पहिला संगणक आला. सुटे भाग जोडून घेतलेला, विंडोज एक्सपी घातलेला. फोनच्या तारेवरून इंटरनेट लागायचे, म्हणजे तेवढा वेळ घरचा फोन बंद. त्यामुळे जे शोधायचे ते आधी वहीत लिहून ठेवायचे आणि रात्री बसायचे.

मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० पासून देवनागरीची सोय दिली होती. तिच्यातला ‘मंगल’ हा फॉन्ट प्रसिद्ध सुलेखनकार प्रा. र. कृ. जोशी यांनी रेखलेला. पण एक्सपीमध्ये ही सोय असूनही झाकलेली होती. कंट्रोल पॅनेलमध्ये जायचे, ‘रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’ उघडायचे, ‘लँग्वेजेस’ या भागात गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी जो चौकोन असेल त्यात बरोबरची खूण करायची, विंडोजची सीडी घालायची आणि संगणक पुन्हा सुरू करायचा. ही पाच पावले माहीत असलेल्याला दहा मिनिटांचे काम. माहीत नसलेल्याला मात्र मराठी कधीच नीट दिसणार नाही. शिवाय जोडून घेतलेल्या संगणकाबरोबर सीडी मिळालेलीच नसे. मग सीडीतल्या ज्या फायली लागतात त्या आधीच डिस्कवर आहेत का, हे कसे शोधायचे, तेही कोणीतरी दुसऱ्याने शोधून लिहिलेले असे.

तेव्हा एक वैद्यकी शिकायला मिळाली. तक्रार सगळ्यांची एकच, ‘मराठी दिसत नाही’. पण लक्षणे तीन. रोमन अक्षरांची खिचडी दिसली, तर मजकूर जुन्या फॉन्टमधला आहे आणि तो फॉन्ट तुमच्याकडे नाही. नुसते रिकामे चौकोन दिसले, तर मजकूर युनिकोडमध्ये आहे, पण संगणकात देवनागरीचा फॉन्टच नाही. अक्षरे दिसतात, पण ‘कि’ची वेलांटी क च्या पुढे पडते आणि जोडाक्षरांचे पाय मोडलेले दिसतात, तर फॉन्ट आहे, पण ती वरची खूण करायची राहिली आहे. म्हणून जाणकार माणूस उपाय सांगण्याआधी उलट विचारायचा: विंडोज कोणते? ब्राउझर कोणता? नेमके काय दिसते? आतापर्यंत काय करून पाहिले? ज्याने प्रश्न विचारतानाच ही चार उत्तरे दिली, त्याचे काम त्याच रात्री व्हायचे.

१ मे २००३ रोजी मराठी विकिपीडिया सुरू झाला. २००४ मध्ये ‘मनोगत’ सुरू झाले. तिथे संगणकात वेगळे काही न घालता, पानावरच युनिकोड देवनागरीत लिहिता येत असे. २००७ मध्ये ‘मिसळपाव’ आणि ‘उपक्रम’ आले. ‘गमभन’सारखी टंकलेखनाची साधने लोकांनी स्वतः लिहून फुकट दिली. या ठिकाणी मदत करणारे सगळे संगणकवाले नव्हते. कोणी बँकेतले होते, कोणी प्राध्यापक, कोणी परदेशात राहणाऱ्या गृहिणी. काल त्यांची अडचण कोणी सोडवली होती, आज त्या दुसऱ्याची सोडवत होत्या.

आपल्या भाषेच्या खास अडचणी तर मराठी माणसांनीच धसाला लावल्या. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतला फरक बाईंनी आपल्याला शुद्धलेखनाच्या तासाला शिकवला होता. एक गुरू, दुसरा स्वयंपाकी. संगणकाला हा फरक हिंदीसाठी लागत नव्हता, म्हणून कळफलकावर तो सहज सापडत नसे. युनिकोडमध्ये ‘ऱ’ हे वेगळे अक्षर आहे, त्याला हलन्त जोडून य लिहिला की ‘ऱ्य’ मिळतो, ही युक्ती एकाने दुसऱ्याला सांगत पसरली. ‘ॲ’ची कथा अशीच. मराठीत ‘ॲसिड’ लिहिताना अ वर अर्धचंद्र लागतो, पण युनिकोडमध्ये हे अक्षर २००८ च्या ५.१ आवृत्तीपर्यंत नव्हते. तोवर लोक ए वर चंद्र काढत किंवा अ ला चंद्राची जोड देत. आजही जुन्या मजकुरात एखादा शब्द शोधून सापडत नाही, याचे एक कारण हे आहे. डोळ्यांना सारखा, संगणकाला वेगळा.

२००७ मध्ये आलेल्या विंडोज व्हिस्टापासून ही सोय आधीच चालू येऊ लागली, पुढे मोबाइल आले आणि चौकोन दिसेनासे झाले. तेव्हाची ती ज्ञानाची शिदोरी आता निरुपयोगी झाली, असे मलाही वाटले होते. पण याच स्मरणिकेच्या कामात तिची गरज पडली.

आपल्या एका सरांनी निवृत्तीनंतर शाळेच्या आठवणी लिहून काढल्या होत्या. सर आता नाहीत. हस्तलिखितही राहिलेले नाही. घरच्यांकडे होती एक सीडी आणि तिच्यावर २००२ मध्ये टाइप करून घेतलेली चौदा पानांची फाइल. ती उघडली तर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत रोमन खिचडी. ‘फाइल खराब झाली’ असे समजून घरच्यांनी ती बाजूला ठेवली होती.

आपल्या वर्गाच्या ग्रुपवर मी पडद्याचा फोटो टाकला, आणि मग जे झाले ते पूर्वीसारखेच झाले. पुण्यातल्या मित्राने सुचवले की मजकूर निवडून वरच्या पट्टीत फॉन्टचे नाव पाहा. फॉन्ट संगणकात नसला तरी वर्ड त्याचे मूळ नाव दाखवते. नाव मिळाले. खोपोलीच्या मैत्रिणीने तिथल्या एका डीटीपीवाल्याच्या जुन्या संगणकावर तो फॉन्ट शोधला. फॉन्ट घातला आणि सरांची वाक्ये दिसू लागली. पुढचे काम ते युनिकोडमध्ये आणण्याचे. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार अक्षरानंतर. युनिकोडमध्ये याच्या उलट. त्यामुळे रूपांतर करणारी साधने नेमकी तिथेच चुकतात. ‘शेतकऱ्यांच्या’ मुलांचे सगळीकडे ‘शेतकर्यांच्या’ झाले होते. चौघांनी पाने वाटून घेऊन ओळ न् ओळ तपासली.

त्या पानांत शाळा सुरुवातीला कशी भरायची ते आहे, ठाकरवाडीवरून कोणती मुले चालत यायची ते आहे, आणि कोणाची फी कोणी गुपचूप भरली तेही आहे. फी भरणाऱ्यांनी हे कधी कोणाला सांगितले नव्हते. फाइल तशीच राहिली असती तर ते कोणालाच कळले नसते. ते लेखन या स्मरणिकेत पुढे छापले आहे, जरूर वाचा.

शेवटी एक काळजीची गोष्ट. आज आपले निवृत्त शिक्षक आणि आपले आई-वडील अडतात, तेव्हा मदत त्यांच्याकडे फोनवरून चालून येते, आणि तिथेच धोका आहे. अनोळखी माणूस ‘बँकेतून बोलतोय’ म्हणतो, एक ॲप घ्यायला सांगतो, त्यावर दिसणारा क्रमांक विचारतो आणि फोनचा ताबा घेतो. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने ‘एनीडेस्क’ या ॲपच्या अशा गैरवापराबद्दल इशारा दिला होता. ॲप वाईट नाही. दुरून दुरुस्ती करायला मीही तशी ॲप वापरते. फरक असा की पूर्वीची मदत चारचौघांत होत असे. कोणी चुकीचे सांगितले तर दुसरा लगेच टोकायचा. आणि तेव्हा प्रश्न आपण विचारायचो, मदत करणारा आपल्या दारात येत नसे. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या क्रमांकावर तक्रार करावी.

म्हणून गुरुजनांना आणि मित्र-मैत्रिणींना चार विनंत्या. संगणक किंवा फोन अडला तर एकट्याने कोणाचे ऐकू नका, ग्रुपवर सर्वांसमोर विचारा. पडद्याचा फोटो टाका, पण त्यात खाते क्रमांक किंवा ओटीपी दिसू देऊ नका. अडचण सुटली की ‘झाले, धन्यवाद’ एवढ्यावर न थांबता कशाने सुटली ते मराठीत दोन ओळींत लिहा, पुढच्याला ते सापडते. आणि घरात २०१० च्या आधीच्या सीडी, पेन ड्राइव्ह, फ्लॉपी असतील तर त्या टाकून देण्याआधी मला कळवा. त्यावर खिचडी दिसली तरी आत कोणाचे तरी लिहिलेले शाबूत असू शकते.