आरएसएस : मालक नसलेल्या फीडचा इतिहास

संकेतस्थळावर नवे काय आले, हे तिथे न जाता कळावे यासाठी आरएसएस फीड वापरतात. फीड ही एक्सएमएलमध्ये लिहिलेली साधी मजकूर फाइल असते. तिच्यात स्थळाचे नाव आणि अलीकडच्या नोंदी असतात; प्रत्येक नोंदीला शीर्षक, सारांश किंवा पूर्ण मजकूर, तारीख आणि दुवा जोडलेला असतो. वाचक आपल्या फीड रीडरमध्ये आवडत्या स्थळांच्या फीडचे पत्ते भरून ठेवतो. रीडर ठरावीक वेळाने या फायली तपासतो, नव्या नोंदी वेगळ्या काढतो आणि एका यादीत मांडतो. फाइल बदललेली नसेल, तर सर्व्हर ‘३०४’ हा संकेत देऊन मोकळा होतो. फाइल पुन्हा पाठवावी लागत नाही. वाचकाला ईमेल पत्ताही द्यावा लागत नाही.

बातम्या वाचकाच्या संगणकावर आपोआप पोहोचवण्याची कल्पना आरएसएसच्याही आधीची. १९९६ मध्ये आलेला ‘पॉइंटकास्ट’ स्क्रीनसेव्हरच्या जागी बातम्या दाखवत असे. त्याचा भार इतका पडे की अनेक कंपन्यांनी आपल्या नेटवर्कवर त्याला बंदी घातली. मायक्रोसॉफ्टने १९९७ मध्ये ‘चॅनल डेफिनिशन फॉरमॅट’ मांडला. त्याच वर्षी डेव्ह वायनर यांनी आपल्या नोंदींसाठी ‘स्क्रिप्टिंगन्यूज’ हा एक्सएमएल आराखडा तयार केला. तिकडे अ‍ॅपलमध्ये रामनाथन गुहा स्थळांच्या मजकुराचे वर्णन यंत्राला समजेल अशा रीतीने कसे लिहावे, यावर काम करत होते. आयआयटी मद्रासमध्ये शिकलेले गुहा पुढे नेटस्केपमध्ये गेले आणि त्यांच्या कामातूनच आरडीएफ हा आराखडा आकाराला आला.

मार्च १९९९ मध्ये नेटस्केपने ‘माय नेटस्केप’ या पोर्टलसाठी आरएसएस ०.९ आणला. तो गुहा आणि डॅन लिबी यांनी रचला होता. कोणत्याही स्थळाने आपली फाइल नोंदवावी आणि वापरकर्त्याने आपल्या पानावर त्या स्थळाचा चौकोन लावावा, अशी ही योजना होती. जुलैमध्ये लिबी यांनी ०.९१ ही आवृत्ती काढली. तिने आरडीएफ गाळले आणि वायनर यांच्या आराखड्यातले काही घटक घेतले. एका फीडमध्ये जास्तीत जास्त १५ नोंदी मावत. दरम्यान नेटस्केप एओएलच्या ताब्यात गेली आणि २००१ पर्यंत तिने आरएसएसचा नाद सोडला.

आराखडा पोरका झाल्यावर त्याचे दोन वारस पुढे आले. डिसेंबर २००० मध्ये एका गटाने आरएसएस १.० प्रसिद्ध करून आरडीएफ परत आणले. या गटात गुहा होते, तसेच १४ वर्षांचा अ‍ॅरन स्वार्ट्‌झही होता. विषयागणिक नवे घटक जोडता यावेत, हा त्यांचा आग्रह. वायनर यांच्या मते कोणालाही हाताने लिहिता येण्याइतका साधेपणा टिकणे महत्त्वाचे होते. त्यांच्या ‘युजरलँड’ कंपनीने सप्टेंबर २००२ मध्ये आरएसएस २.० काढला, आणि २००३ मध्ये त्याचे हक्क हार्वर्डच्या बर्कमन सेंटरकडे सोपवून त्यात पुढे बदल करण्याचे थांबवले. हा वाद टाळण्यासाठी सॅम रुबी यांच्या पुढाकाराने ‘अ‍ॅटम’ हा तिसरा आराखडा सुरू झाला. डिसेंबर २००५ मध्ये तो इंटरनेट मानक म्हणून प्रसिद्ध झाला. वाचकाला या भांडणाची झळ फारशी बसली नाही, कारण रीडर बनवणाऱ्यांनी सगळेच प्रकार वाचण्याची सोय केली.

प्रसार मात्र वेगाने झाला. मॅकसाठी ‘नेटन्यूजवायर’ आणि विंडोजसाठी ‘फीडडेमन’ आले. ‘ब्लॉगलाइन्स’ने ब्राउझरमध्येच वाचनाची सोय केली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने २००२ मध्येच फीड सुरू केले होते. वर्डप्रेस आणि ब्लॉगर प्रत्येक ब्लॉगचे फीड आपोआप तयार करू लागले. फायरफॉक्सचे नारिंगी चिन्ह मायक्रोसॉफ्टनेही स्वीकारले आणि तीच फीडची खूण ठरली. एक्सएमएलचा पाया युनिकोड असल्याने युनिकोडमधल्या मराठी ब्लॉगांची शीर्षके रीडरमध्ये नीट उमटत. स्वतःचे वेगळे फाँट वापरणाऱ्या तेव्हाच्या मराठी स्थळांचा मजकूर असा बाहेर नेला की त्याची अनाकलनीय अक्षरे होत.

वायनर यांनी डिसेंबर २००० मधल्या ०.९२ आवृत्तीत नोंदीला ध्वनिफाइल जोडण्याची सोय केली होती. तिच्यातूनच पॉडकास्ट जन्मले. जून २००५ मध्ये अ‍ॅपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्ट आणले, आणि आरएसएस हे नावही न ऐकलेले असंख्य लोक त्याचे ग्राहक झाले.

ऑक्टोबर २००५ मध्ये आलेला ‘गूगल रीडर’ फुकट आणि चपळ होता. त्याने बहुतेक स्पर्धक मागे टाकले; नेटन्यूजवायर आणि फीडडेमनही आपल्या याद्या त्याच्याशी जुळवू लागले. पण प्रकाशकांचा ओढा कमी होत होता. पूर्ण मजकूर फीडमध्ये मिळाला की वाचक स्थळावर येत नाही आणि तिथल्या जाहिराती पाहत नाही, म्हणून अनेकांनी फीडमध्ये फक्त सारांश ठेवला. ताज्या बातम्यांसाठी लोक फेसबुक आणि ट्विटरकडे वळले. वापर घटल्याचे कारण देऊन गूगलने १ जुलै २०१३ रोजी रीडर बंद केला. त्याच्यावर विसंबलेला फीडडेमनही त्याच वर्षी थांबला. ट्विटरनेही तेव्हाच आपले फीड काढून टाकले. डिसेंबर २०१८ मध्ये फायरफॉक्सने फीड वाचण्याची अंगभूत सोय वगळली.

तरीही फीड संपले नाही. रीडर बदलणे सोपे होते, कारण वायनर यांच्याच ओपीएमएल या प्रकारात सगळ्या फीडची यादी एका फाइलीत उतरवून दुसरीकडे नेता येत असे. गूगलचे वाचक अशा याद्या घेऊन फीडली, न्यूजब्लर, इनोरीडर यांच्याकडे गेले. आराखडा कोणा एका कंपनीच्या मालकीचा नसल्याने एक रीडर बंद पडला, तरी स्थळांना आपल्या फायलींत काही बदलावे लागले नाही. वर्डप्रेसची स्थळे आणि यूट्यूबच्या वाहिन्या आजही फीड पुरवतात, आणि पॉडकास्टचे वितरण प्रामुख्याने आरएसएसवरच चालते.