निबंधमालेचा एक वारसा

मराठी गद्याला प्रौढत्व आणि आत्मविश्वास देण्याचे श्रेय विष्णुशास्त्री चिपळूणकरांना दिले जाते, आणि ते योग्यच आहे. १८७४ मध्ये सुरू झालेल्या 'निबंधमाले'ने मराठी वाक्याला जो डौल दिला, तो त्यापूर्वी क्वचितच आढळतो. परंतु याच मालेने मराठी वादाला एक सवयही लावून दिली. प्रतिपक्षाचे मत खोडण्याऐवजी प्रतिपक्षीच हास्यास्पद ठरवावयाचा, ही ती सवय होय. शास्त्रीबोवांच्या शैलीचा गौरव करणाऱ्यांनी तिच्याकडे बहुधा विनोदाचा एक प्रकार म्हणूनच पाहिले आहे.

जोतीराव फुले यांच्या लेखनात शेतकऱ्याची नागवणूक, शूद्रातिशूद्रांचे शिक्षण आणि सरकारी खात्यांतील एका जातीचे प्राबल्य हे प्रश्न होते. मालाकारांनी त्या लेखनाचा समाचार घेतला तो मुख्यतः त्यातील अशुद्ध भाषेवरून आणि लेखकाच्या विद्वत्तेवरून. उपहास चुरचुरीत आहे यात शंका नाही. वाचक हसतो, आणि हसून झाल्यावर शेतकऱ्याचा प्रश्न होता तेथेच राहतो. जोतीरावांची लेखणीही सौम्य नव्हती. ब्राह्मणवर्गावर त्यांनी केलेले प्रहार कित्येकदा कठोर, क्वचित अतिरेकीही आहेत. पण त्या कठोरपणामागे उत्तराची अपेक्षा करणारे एक विधान उभे असते, आणि खोडून काढावयाचे होते ते विधान.

आपल्या न्यायशास्त्राने हा भेद फार पूर्वीच केला होता. तत्त्वनिर्णयासाठी चालतो तो वाद. जिंकण्यासाठी छलादिकांचा आश्रय घेतो तो जल्प. आणि स्वतःचा पक्ष न मांडता दुसऱ्याचा केवळ पाडाव करू पाहते ती वितंडा. या वर्गीकरणात शब्द मऊ की तिखट याला स्थान नाही, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. मालाकार संस्कृतज्ञ होते; हा भेद त्यांना अपरिचित असेल असे मानवत नाही.

चिपळूणकर मार्च १८८२ मध्ये निवर्तले. त्याच वर्षी कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात 'केसरी' व 'मराठा' ही पत्रे सापडली. ज्या पत्रव्यवहाराच्या आधारावर आरोप केले होते तो बनावट ठरला, आणि टिळक व आगरकर यांना डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. खटल्याच्या वेळी त्यांच्यासाठी दहा हजार रुपयांचा जामीन दिला तो जोतीरावांचे स्नेही रामशेट उरवणे यांनी, जोतीरावांच्याच सांगण्यावरून. ज्या मंडळींच्या अग्रणीने आपली यथेच्छ टवाळी केली होती, त्यांच्यासाठी जोतीरावांनी हा शब्द टाकला. मतभेद मात्र त्यांनी तसूभरही सोडला नाही.

पुढे सवय अधिकच बळावली. टिळक आणि आगरकर विभक्त झाले. १८८८ मध्ये 'सुधारक' निघाला. आगरकरांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढण्यापर्यंत विरोधकांची मजल गेली. न्यायमूर्ती रानड्यांवरचा टोमणा तर सर्वश्रुत होता: विधवाविवाहाचा पुरस्कर्ता स्वतः १८७३ मध्ये अकरा वर्षांच्या कुमारिकेशी विवाह करतो! टोमणा खरा होता, आणि रानड्यांच्या धैर्याविषयी तो पुष्कळ काही सांगतो. विधवेने पुनर्विवाह करावा की नाही, याविषयी मात्र तो काहीच सांगत नाही. आचरणातील विसंगतीने माणूस उणा ठरतो, प्रमेय उणे ठरत नाही. ही साधी गोष्ट पुण्याच्या त्या बुद्धिमान पिढीला कळत नव्हती असे नाही. टोमण्याला टाळ्या अधिक मिळत, इतकेच.

संमतिवयाच्या वादात याची किंमत दिसून आली. शास्त्रार्थ झाला, परकीय सरकारच्या अधिकाराचा खरोखरीच महत्त्वाचा मुद्दाही निघाला. परंतु कोण पाखंडी, कोण ढोंगी, कोण सरकारधार्जिणा, या कोलाहलात वयाची मर्यादा दहावरून बारावर नेल्याने जिचे आयुष्य बदलणार होते ती मुलगी फारशी कोणाच्या दृष्टीस पडली नाही. मार्च १८९१ मध्ये कायदा संमत झाला, तो कलकत्त्यास.